इन्सुलिनचे अंतरंग उलगडणाऱ्या डोरोथी हॉजकिन

मधुमेहाच्या रुग्णाच्या घरी फ्रिजच्या दारात ठेवलेली इन्सुलिनची बाटली आता कुणालाही अनोखी वाटत नाही. तिच्या खोक्यातील घडी घातलेले माहितीपत्रक मात्र क्वचितच कुणी उलगडून वाचतो. त्यावर बारीक अक्षरांत दिलेल्या घटकांच्या यादीत बहुतेक वेळा एका धातूचे नाव आढळते. तो धातू म्हणजे झिंक, अर्थात जस्त. लोखंडी पत्र्याला गंज चढू नये म्हणून ज्याचा मुलामा देतात, तोच हा धातू. रक्तातील साखर आटोक्यात ठेवणाऱ्या औषधात त्याचे काय काम, असा प्रश्न कुणालाही पडावा.

या प्रश्नाचे नेमके उत्तर १९६९ मध्ये मिळाले. ते मिळवून देणाऱ्या ब्रिटिश स्फटिकशास्त्रज्ञ डोरोथी हॉजकिन यांनी इन्सुलिनचा स्फटिक प्रथम हाती घेतला तो १९३४ मध्ये. मधल्या पस्तीस वर्षांत त्यांनी पेनिसिलिन आणि ब-१२ जीवनसत्त्व यांच्या रचना उलगडल्या, नोबेल पारितोषिक मिळवले, तीन मुलांना वाढवले आणि संधिवाताने वाकड्या झालेल्या बोटांनी काम सुरूच ठेवले. इन्सुलिनचा नाद मात्र त्यांनी सोडला नाही. मधुमेह आणि जस्त यांच्या नात्याबद्दल आज जे काही खात्रीने सांगता येते, त्याचा पाया या नादात आहे.

कैरो ते ऑक्सफर्ड

डोरोथी क्रोफुट यांचा जन्म १२ मे १९१० रोजी इजिप्तमधील कैरो येथे झाला. वडील जॉन क्रोफुट तेथील शिक्षण खात्यात अधिकारी होते. पुढे ते सुदानमध्ये गेले आणि नंतर पुरातत्त्वज्ञ म्हणून नावारूपाला आले. आई ग्रेस मेरी, म्हणजे मॉली, प्राचीन वस्त्रांच्या जाणकार होत्या. चार बहिणींत डोरोथी थोरल्या. पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा मुलींना इंग्लंडमध्ये ठेवण्यात आले आणि आईवडील परदेशी राहिले. त्यामुळे लहानपणापासूनच डोरोथी यांच्यावर धाकट्या बहिणींची जबाबदारी आली आणि स्वतःचे स्वतः ठरवण्याची सवयही जडली.

वयाच्या दहाव्या वर्षी एका छोट्या वर्गात त्यांनी तुरटी आणि मोरचूद यांचे स्फटिक तयार केले. द्रावणातून हळूहळू आकाराला येणाऱ्या त्या नितळ, कोरीव खड्यांनी त्यांच्यावर जी मोहिनी घातली ती आयुष्यभर उतरली नाही. बेकल्स येथील शाळेत रसायनशास्त्र हा मुलांचा विषय समजला जाई. डोरोथी आणि त्यांची एक मैत्रीण अशा दोघींना मुलांच्या वर्गात बसण्याची खास परवानगी मिळाली. तेराव्या वर्षी आईवडिलांना भेटायला त्या खार्टूमला गेल्या असता तेथील मृदा रसायनशास्त्रज्ञ डॉ. जोसेफ यांनी त्यांना खनिजे तपासण्याची साधने भेट दिली. पुढे आईने त्यांच्या हाती विल्यम हेन्री ब्रॅग यांचे एक पुस्तक ठेवले. क्ष-किरणांच्या साहाय्याने स्फटिकातील अणूंची मांडणी ओळखता येते, हे त्यात सोप्या भाषेत सांगितले होते. डोरोथी यांच्या आयुष्याची दिशा त्या वाचनाने ठरली.

१९२८ मध्ये त्या ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल महाविद्यालयात दाखल झाल्या. तत्पूर्वी जॉर्डनमधील जेराश येथे आईवडिलांच्या उत्खननावर असताना त्यांनी बायझंटाइन काळातील चर्चच्या फरशीवरील नक्षीची चित्रे काढली होती. एकच आकृती पुन्हा पुन्हा येऊन सबंध फरशी कशी व्यापते, हे त्यांनी बारकाईने पाहिले. स्फटिकातील अणूंची मांडणीही तशीच असते. १९३२ मध्ये प्रथम वर्गात पदवी घेऊन त्या केंब्रिजला जे. डी. बर्नाल यांच्याकडे संशोधनासाठी गेल्या.

बर्नाल यांच्या प्रयोगशाळेत १९३४ मध्ये एक महत्त्वाची गोष्ट घडली. पेप्सिन या पाचक प्रथिनाचे स्फटिक त्यांच्याकडे आले होते. असे स्फटिक द्रावणातून बाहेर काढून वाळवले की त्यांची आतील शिस्त बिघडे. बर्नाल यांनी ते ओले असतानाच काचेच्या बारीक नळीत ठेवून क्ष-किरणांनी टिपले आणि पटलावर ठिपक्यांची स्पष्ट नक्षी उमटली. बर्नाल आणि डोरोथी यांनी मिळून हे काम प्रसिद्ध केले. प्रथिनांसारखे प्रचंड रेणूही निश्चित रचनेचे असतात आणि ती रचना कधीतरी वाचता येईल, असा विश्वास त्यातून निर्माण झाला. त्याच वर्षी डोरोथी ऑक्सफर्डला परतल्या.

जस्ताचा योगायोग

इन्सुलिनला त्या वेळी जेमतेम तेरा वर्षे झाली होती. १९२१ ते १९२२ या काळात कॅनडातील टोरंटो येथे फ्रेडरिक बँटिंग, चार्ल्स बेस्ट, जे. जे. आर. मॅक्लाउड आणि जेम्स कॉलिप यांच्या प्रयत्नांतून स्वादुपिंडातील हे संप्रेरक माणसाला टोचता येईल अशा स्वरूपात मिळाले. तोवर मधुमेह झालेल्या लहान मुलाचे मरण अटळ मानले जाई. इन्सुलिनने ते टळू लागले. पण हा पदार्थ नेमका आहे तरी कसा, हे कुणालाच ठाऊक नव्हते. १९२६ मध्ये अमेरिकेत जॉन जेकब एबल यांनी इन्सुलिनचे स्फटिक मिळवले. मात्र ते कधी तयार होत, कधी होत नसत. या लहरीपणाचे कारण टोरंटोच्या डेव्हिड स्कॉट यांनी १९३४ मध्ये शोधले. द्रावणात थोडे जस्त असेल तरच स्फटिक बनत. जस्ताऐवजी कॅडमियम, कोबाल्ट किंवा निकेल घातले तरी चाले. पण अशा एखाद्या धातूशिवाय स्फटिक बनत नसत. स्वादुपिंडात मुळातच जस्त भरपूर असते. म्हणूनच पूर्वी कधीतरी ते नकळत मिसळले जाई आणि स्फटिक मिळत.

ऑक्सफर्डचे ज्येष्ठ रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट रॉबिन्सन यांना बूट्स या औषध कंपनीकडून स्फटिकरूप इन्सुलिनचा चिमूटभर नमुना मिळाला होता. त्यांनी तो डोरोथी यांना दिला. त्यातील कण क्ष-किरणांसाठी फारच लहान होते. डोरोथी यांनी स्कॉट यांच्या पद्धतीने जस्त वापरून ते पुन्हा विरघळवले आणि अतिशय सावकाश थंड होऊ दिले. मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढे का होईना, पण चकाकते स्फटिक मिळाले. त्यांतील एक क्ष-किरणांसमोर कित्येक तास ठेवल्यावर पटलावर ठिपके उमटले. त्या रात्री छायाचित्र धुऊन झाल्यावर त्या आनंदाच्या भरात कितीतरी वेळ ऑक्सफर्डच्या रस्त्यांवरून एकट्याच फिरत राहिल्या. १९३५ मध्ये हे काम नेचर या नियतकालिकात केवळ त्यांच्या एकटीच्या नावाने प्रसिद्ध झाले. त्या वेळी त्या चोवीस वर्षांच्या होत्या.

ठिपके मिळाले, पण त्यांवरून रचना कशी काढायची? क्ष-किरणांच्या छायाचित्रात प्रत्येक ठिपक्याची तीव्रता मोजता येते. पण तो ठिपका निर्माण करणाऱ्या लहरी एकमेकींच्या किती पुढे वा मागे होत्या, ही माहिती नोंदवलीच जात नाही. ती नसेल तर अणूंचा नकाशा काढता येत नाही. लहान रेणूंच्या बाबतीत अंदाज बांधून वाट काढता येते. इन्सुलिनच्या एका रेणूत मात्र जवळपास आठशे अणू आहेत. तेव्हाच्या साधनांनी हे कोडे सुटणे अशक्य होते आणि डोरोथी यांना त्याची पूर्ण जाणीव होती. स्फटिकाच्या मांडणीत तिहेरी सममिती आहे, म्हणजे तो एकतृतीयांश फेरी फिरवला तरी पूर्वीसारखाच दिसतो, एवढे त्यांनी सांगितले आणि त्यापलीकडचा दावा केला नाही.

हा संयम किती मोलाचा होता, हे थोड्याच वर्षांत दिसले. डोरोथी रिंच या गणितज्ञ विदुषींनी प्रथिनांच्या रचनेविषयी एक आकर्षक सिद्धान्त मांडला होता. हॉजकिन यांनी १९३८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या इन्सुलिनच्या मोजमापांतून आपला सिद्धान्त सिद्ध होतो, असा दावा रिंच यांनी केला. वाद पेटला, नामवंत शास्त्रज्ञ त्यात उतरले. ज्यांची ती मोजमापे होती त्या हॉजकिन यांनी मात्र एवढ्या पुराव्यावरून कोणतीच रचना ठरवता येत नाही, ही आपली भूमिका सोडली नाही. प्रथिनांची रचना रिंच यांनी मांडली तशी नाही, हे पुढे स्पष्ट झाले.

दुखरे हात, भरलेले घर

१९३४ या वर्षी डोरोथी यांच्या हातांचे सांधे दुखू लागले. तपासणीत संधिवाताचे, त्यातही सांध्यांची झीज करणाऱ्या आमवाताचे निदान झाले. वय अवघे चोवीस. नखाहून लहान स्फटिक हाताळण्याचे काम करणाऱ्या व्यक्तीला याहून क्रूर आजार कोणता असणार? पुढे बोटे वाकडी झाली, पायही बिघडले. क्ष-किरण यंत्राचा खटका बोटांनी दाबता येईना तेव्हा त्यांनी त्याला लांब दांडा लावून घेतला. आजाराविषयी तक्रार करण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता.

१९३७ मध्ये त्यांचा विवाह थॉमस हॉजकिन यांच्याशी झाला. प्रौढशिक्षणाच्या क्षेत्रात काम करणारे थॉमस पुढे आफ्रिकेच्या इतिहासाचे अभ्यासक म्हणून ओळखले गेले. १९३८, १९४१ आणि १९४६ मध्ये ल्यूक, एलिझाबेथ आणि टोबी ही मुले झाली. थॉमस यांचे काम बरीच वर्षे दुसऱ्या गावी असल्याने आठवड्यातील अनेक दिवस घर आणि प्रयोगशाळा दोन्ही आघाड्या डोरोथी यांनाच सांभाळाव्या लागत. ऑक्सफर्डमध्ये स्त्री संशोधकांना त्या काळी फारशा सवलती नव्हत्या. संग्रहालयाच्या इमारतीतील अपुऱ्या जागेत त्यांची प्रयोगशाळा चाले. तिथेच १९४०च्या दशकात मार्गारेट रॉबर्ट्स नावाची विद्यार्थिनी त्यांच्या हाताखाली काम करून गेली. हीच विद्यार्थिनी पुढे मार्गारेट थॅचर या नावाने ब्रिटनची पंतप्रधान झाली. दोघींची राजकीय मते पूर्णपणे विरुद्ध होती. तरी परस्परांविषयीचा आदर शेवटपर्यंत टिकला.

दुसऱ्या महायुद्धात पेनिसिलिनची रचना शोधण्याचे काम डोरोथी यांच्याकडे आले. १९४५ मध्ये त्यांनी ती उलगडली. रॉबिन्सन यांच्यासह काही मातब्बर रसायनशास्त्रज्ञांना जी रचना शक्यच वाटत नव्हती, नेमकी तीच निघाली. १९४८ मध्ये ब-१२ जीवनसत्त्वाचे लाल स्फटिक हाती आले. या रेणूच्या मध्यभागी कोबाल्ट धातूचा अणू असतो. त्याची रचना निश्चित व्हायला आठ वर्षे लागली. अमेरिकेतील केनेथ ट्रूब्लड यांनी संगणकावर आकडेमोड करून दिली, म्हणून ते शक्य झाले. या कार्यासाठी १९६४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक एकट्या डोरोथी हॉजकिन यांना देण्यात आले. मेरी क्युरी आणि त्यांची कन्या आयरीन यांच्यानंतर रसायनशास्त्रात हा मान मिळवणाऱ्या त्या तिसऱ्या स्त्री. बातमी आली तेव्हा त्या पतीसमवेत घानामध्ये होत्या आणि धाकटा मुलगा टोबी भारतात होता. काही ब्रिटिश वृत्तपत्रांना मात्र त्यांच्या संशोधनापेक्षा त्यांचे गृहिणीपण अधिक बातमीयोग्य वाटले.

बाटलीत आलेले जस्त

या काळात इन्सुलिनची रचना अज्ञात असली तरी जस्त औषधात येऊन पोहोचले होते. सुरुवातीचे इन्सुलिन काही तासांतच ओसरे. रुग्णाला दिवसातून अनेकदा सुई टोचून घ्यावी लागे, रात्रीही उठावे लागे. १९३६ मध्ये डेन्मार्कच्या हॅन्स ख्रिश्चन हागेडॉर्न यांनी माशापासून मिळणारे प्रोटामिन हे प्रथिन मिसळून इन्सुलिनचा परिणाम लांबवला. त्याच वर्षी टोरंटोच्या स्कॉट आणि फिशर यांनी त्यात जस्त घातले आणि परिणाम दिवसभर टिकू लागला. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीस डेन्मार्कच्याच क्नुड हालास-म्युलर यांनी प्रोटामिनही वगळून, केवळ जस्ताच्या जोरावर सावकाश विरघळणारे इन्सुलिन तयार केले. ते अनेक दशके वापरात होते.

स्कॉट आणि फिशर यांनी १९३८ मध्ये आणखी एक निरीक्षण नोंदवले. मधुमेहाने मरण पावलेल्या रुग्णांच्या स्वादुपिंडातील जस्ताचे प्रमाण इतरांच्या तुलनेत सुमारे निम्मेच होते. मग मधुमेहामुळे जस्त कमी होते, की जस्त कमी झाल्यामुळे मधुमेह होतो? हा प्रश्न तेव्हापासून सतत विचारला जात आहे. त्याचे उत्तर शोधायचे तर जस्त आणि इन्सुलिन एकत्र येऊन नेमके काय करतात, ते आधी पाहायला हवे होते.

पस्तीस वर्षांनी उत्तर

१९५५ पर्यंत केंब्रिजच्या फ्रेडरिक सँगर यांनी इन्सुलिनमधील अमिनो आम्लांचा संपूर्ण क्रम शोधला होता. एका साखळीत २१ आणि दुसरीत ३० अशी एकूण ५१ अमिनो आम्ले. मणी कोणत्या क्रमाने ओवले आहेत ते कळले. माळ कशी गुंडाळली आहे ते कळायचे होते. केंब्रिजमध्येच मॅक्स पेरुट्झ यांनी दाखवून दिले की प्रथिनाच्या स्फटिकात पाऱ्यासारख्या जड धातूचे अणू बसवले आणि छायाचित्रांतील फरक मोजला तर हरवलेली माहिती परत मिळवता येते. संगणकही आता अधिक वेगवान झाले होते. साठीकडे झुकलेल्या डोरोथी यांनी आपल्या जुन्या कोड्यावर सर्व शक्ती एकवटली.

इन्सुलिनने सहजासहजी दाद दिली नाही. धातू हवा तसा, हव्या त्या जागी बसेना. स्फटिकातील जस्त काढून त्या जागी दुसरे धातू घालण्याचेही प्रयोग झाले. न्यूझीलंडचे गाय डॉडसन, ऑस्ट्रेलियाच्या एलिनॉर डॉडसन, टॉम ब्लंडेल, मार्गारेट ॲडम्स अशा तरुण संशोधकांचा चमू ऑक्सफर्डमध्ये जमला होता. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतून आलेले केरळचे एम. विजयन हेही त्यात होते. अखेर १९६९ च्या उन्हाळ्यात नकाशा वाचता येईल इतका स्पष्ट झाला आणि इन्सुलिनचे प्रारूप उभे राहिले. त्याच वर्षी नेचरमध्ये दहा जणांच्या नावाने हे संशोधन प्रसिद्ध झाले. ज्यांनी पस्तीस वर्षे हा ध्यास बाळगला त्या डोरोथी यांचे नाव त्यात आठवे होते. विजयन यांचे नाव त्यांच्या आधी होते. विजयन नंतर मायदेशी परतले आणि प्रथिनांच्या स्फटिकशास्त्राची भारतीय परंपरा त्यांनी बंगळुरूत उभी केली.

त्या प्रारूपात जस्त अगदी मध्यभागी होते. इन्सुलिनचे सहा रेणू जोडीजोडीने एकत्र येऊन एक षट्क बनवतात. त्या षट्काच्या मधोमध, तिहेरी सममितीच्या अक्षावर, जस्ताचे दोन अणू असतात. प्रत्येक अणूला तीन रेणूंतील हिस्टिडिन हे अमिनो आम्ल धरून ठेवते. चाकाचे आरे जसे तुंब्यात बसवलेले असतात, तसे इन्सुलिनचे रेणू जस्ताभोवती बसलेले आहेत. १९३५ मध्ये पाहिलेल्या तिहेरी सममितीचा अर्थ आता लागला.

चीनमधील शास्त्रज्ञांनीही याच सुमारास स्वतंत्रपणे इन्सुलिनची रचना शोधली होती. पण सांस्कृतिक क्रांतीच्या काळात त्यांचे काम बाहेरच्या जगाला फारसे कळले नव्हते. डोरोथी यांनी १९७२ मध्ये बीजिंगला जाऊन त्यांचे नकाशे पाहिले आणि त्या कामाची गुणवत्ता जगापुढे मांडली. श्रेय वाटून घेण्यात त्यांना कधी कमीपणा वाटला नाही.

बाटलीतील जस्त आणि गोळीतील जस्त

या रचनेने इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशींचे गुपितही उघड केले. स्वादुपिंडातील बीटा पेशी इन्सुलिन तयार करून सूक्ष्म पिशव्यांत साठवतात. तिथे जस्ताभोवती षट्के बनतात आणि ती दाटीवाटीने रचली जातात. थोड्या जागेत भरपूर साठा करण्याची ही निसर्गाची युक्ती. जेवणानंतर साखर वाढली की पिशव्या रिकाम्या होतात, जस्त अलग होते, षट्क सुटते आणि इन्सुलिनचा एकेक रेणू रक्तातून आपल्या कामाला निघतो. काम करतो तो सुटा रेणू. षट्क हे केवळ कोठार.

इंजेक्शनचे कोडेही यातून सुटले. त्वचेखाली टोचलेले इन्सुलिन षट्कांच्या रूपात असते आणि ती सुटायला वेळ लागतो. साधे इन्सुलिन जेवणापूर्वी अर्धा तास घ्यावे लागते ते याचमुळे. जस्त अधिक तर विलंब अधिक. रचना हाती आल्यावर रेणूत नेमका कुठे बदल केला तर तो लवकर सुटेल, याचा विचार करता येऊ लागला. यॉर्क विद्यापीठात गेलेले डॉडसन दाम्पत्य आणि डेन्मार्कची नोवो कंपनी यांच्या सहकार्यातून १९८८ मध्ये अशा बदललेल्या इन्सुलिनवरील संशोधन प्रसिद्ध झाले. १९९६ मध्ये लिस्प्रो हे झटपट परिणाम करणारे इन्सुलिन रुग्णांना उपलब्ध झाले. आज पानावर बसता बसता इंजेक्शन घेणारा रुग्ण त्या षट्काच्या ज्ञानाचा लाभ घेत असतो.

मधुमेहींच्या शरीरातील जस्ताच्या पातळीचे काय? या बाबतीत पुढील संशोधनाने काही गोष्टी स्पष्ट केल्या आहेत. रक्तातील साखर वाढलेली असेल तर लघवीवाटे जस्त अधिक प्रमाणात बाहेर पडते आणि अनेक रुग्णांच्या रक्तातील जस्ताची पातळी कमी आढळते. जस्त जखम भरून येण्यासाठी, रोगप्रतिकारशक्तीसाठी आणि पेशींची हानी रोखणाऱ्या काही विकरांसाठी आवश्यक असते. त्यामुळे पायाच्या चिघळणाऱ्या जखमा, वारंवार होणारे जंतुसंसर्ग अशा गुंतागुंतींत जस्ताच्या कमतरतेचा वाटा असू शकतो. आहारात प्रामुख्याने धान्ये आणि कडधान्ये असतील तर त्यांतील फायटेटमुळे जस्ताचे शोषण कमी होते. कडधान्यांना मोड आणल्याने किंवा पीठ आंबवल्याने हा अडथळा बराच कमी होतो.

म्हणून झिंकच्या गोळ्या घेतल्या की मधुमेह आटोक्यात येईल, असा निष्कर्ष मात्र निघत नाही. काही छोट्या चाचण्यांत साखर थोडी उतरलेली दिसली. पण ज्यांच्यात जस्ताची कमतरता नाही अशा सर्वच रुग्णांना पूरक जस्त द्यावे, अशी शिफारस करण्याइतका पुरावा मिळालेला नाही. रक्तातील पातळीही फसवी असते. साध्या जंतुसंसर्गातही ती खाली जाते. जस्त दीर्घकाळ जास्त प्रमाणात घेतले तर शरीरातील तांबे कमी होऊन वेगळाच त्रास उद्भवतो.

जनुकांच्या अभ्यासाने तर या प्रश्नाला अनपेक्षित वळण दिले. बीटा पेशींच्या पिशव्यांत जस्त भरणारे झेडएनटी-८ नावाचे वाहक प्रथिन २००४ मध्ये फ्रान्समध्ये ओळखले गेले. त्याच्या जनुकातील एका सर्वसामान्य भेदामुळे टाइप-२ मधुमेहाचा धोका वाढतो, हे २००७ मध्ये दिसले. टाइप-१ मधुमेहात शरीराची प्रतिकारयंत्रणा ज्यांच्यावर हल्ला चढवते त्यांत हेच प्रथिन असल्याचेही त्याच वर्षी कळले. पिशवीत जस्त कमी तर मधुमेहाचा धोका जास्त, असा सरळ हिशेब कुणीही मांडला असता. प्रत्यक्षात २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात उलटेच आढळले. ज्यांच्यात या जनुकाची एक प्रत जन्मतः निकामी असते, त्यांना टाइप-२ मधुमेह होण्याचा धोका सुमारे ६५ टक्क्यांनी कमी होता. थोडक्यात, इन्सुलिन साठवायला जस्त हवे हे खरे असले तरी जस्त जितके अधिक तितके चांगले, हे खरे नाही. पटलावरील ठिपके जेवढे सांगतात तेवढेच बोलायचे, हा डोरोथी यांचा नियम इथे आठवतो. झिंकची गोळी सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा आणि चालू असलेले औषध तिच्या भरवशावर कधीही बंद करू नये, हे सांगण्यामागेही तोच नियम आहे.

शांततेसाठी वणवण

रचना उलगडल्यावरही डोरोथी थांबल्या नाहीत. त्यांचा चमू अधिकाधिक बारकावे टिपत राहिला आणि १९८८ मध्ये इन्सुलिनच्या रचनेचा विस्तृत, अचूक तपशील प्रसिद्ध झाला. तेव्हा त्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या होत्या.

१९६५ मध्ये त्यांना ऑर्डर ऑफ मेरिट हा ब्रिटनमधील अत्यंत दुर्मीळ सन्मान मिळाला. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्यानंतर तो मिळवणाऱ्या त्या दुसऱ्या स्त्री. १९७६ मध्ये रॉयल सोसायटीचे कोप्ली पदक मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. १९७० पासून १९८८ पर्यंत त्या ब्रिस्टल विद्यापीठाच्या कुलपती होत्या. या प्रतिष्ठेचा उपयोग त्यांनी स्वतःसाठी क्वचितच केला. शीतयुद्धाच्या काळात अमेरिका, सोव्हिएत संघ, चीन, व्हिएतनाम अशा परस्परांकडे संशयाने पाहणाऱ्या देशांतील शास्त्रज्ञांना जोडत राहणे, हे त्यांनी आपले कर्तव्य मानले. त्याची किंमतही मोजली. डाव्या विचारांच्या संघटनांशी संबंध असल्याच्या कारणावरून १९५३ मध्ये त्यांना अमेरिकेचा व्हिसा नाकारण्यात आला होता. अण्वस्त्रांविरुद्ध काम करणाऱ्या पगवॉश या शास्त्रज्ञांच्या चळवळीचे अध्यक्षपद त्यांनी १९७६ ते १९८८ अशी बारा वर्षे सांभाळले.

१९८२ मध्ये थॉमस यांचे निधन झाले. संधिवाताने शरीर खिळखिळे केले होते, तरी १९९३ मध्ये त्या चाकाच्या खुर्चीवरून बीजिंगला आंतरराष्ट्रीय स्फटिकशास्त्र परिषदेला गेल्या. जगभरातून आलेल्या जुन्या विद्यार्थ्यांची आणि सहकाऱ्यांची ती अखेरची भेट ठरली. २९ जुलै १९९४ रोजी इंग्लंडमधील इल्मिंग्टन या गावी त्यांचे निधन झाले.

विज्ञानातील नोबेल पारितोषिक मिळवणारी ब्रिटिश स्त्री म्हणून त्यांचे नाव आजही एकटेच घेतले जाते. मधुमेहींच्या दृष्टीने मात्र त्यांची ओळख वेगळी आहे. इन्सुलिनने जीव वाचतात हे त्यांच्या आधीच ठाऊक झाले होते. ते कसे साठते, कसे सुटते आणि त्याच्या मध्यभागी जस्ताचे दोन अणू काय करतात, हे त्यांनी दाखवून दिले. त्यासाठी पस्तीस वर्षे थांबण्याची त्यांची तयारी होती. उत्तर हाती येण्याआधी ते सांगण्याची घाई त्यांनी एकदाही केली नाही.